काळ्या वस्त्रांतल्या तपस्विनी

परवा धायरी फाट्यावर काळ्या वस्त्रांतल्या दोन महानुभाव तपस्विनी बसची वाट पाहत होत्या. एकीच्या मोबाइलवर पंथाचं ‘लीळाचरित्र’ उघडलेलं, अक्षरं बोटांनी मोठी करून वाचन चाललेलं! ज्या पंथाने आपले ग्रंथ ‘सकळ’ या सांकेतिक लिपीत शतकानुशतकं दडवले, त्याचा हा मोकळेपणा मला फार भावला. धर्मपंथ बदलायला वेळ लागतोच. अमेरिकेतल्या मॉर्मन ख्रिस्ती पंथीयांनी १८९०मध्ये बहुपत्नीत्व सोडलं, १९७८मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य दिलं. स्त्रियांना ते आजही नाही. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांनी मात्र तेराव्या शतकातच बायकांना संन्यासदीक्षा दिली, हे थोर आहे. आता पंथाच्या तीर्थक्षेत्री, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही झालंय. पंथाने दार उघडलं. अशा तपस्विनी दिसल्या की बिचकून दूर सरकतो ते आपणच. पुढच्या वेळी शेजारी उभे राहा, दोन शब्द बोला.