शंखनादात बुडालेले सत्य

२ डिसेंबर १९८४ची रात्र भोपाळ विसरलेले नाही. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला आणि झोपेतील वस्त्याच्या वस्त्या गुदमरल्या. मध्य प्रदेश शासनाने मान्य केलेला मृतांचा आकडा ३,७८७. पीडितांच्या संघटनांचा आकडा त्याच्या कित्येक पट आहे. हमीदिया रुग्णालयातील डॉक्टर या विषावर उतारा कोणता, हे विचारत धावत होते. कार्बाइडच्या अमेरिकेतील धुरीणांनी मात्र आणखी एका वैद्याला पाचारण केले. तो रुग्णांच्या फुप्फुसांचा वैद्य नव्हता, कंपनीच्या प्रतिमेचा होता. त्याचे नाव बर्सन-मार्स्टेलर.

ही जनसंपर्क संस्था हॅरॉल्ड बर्सन आणि जाहिरात व्यावसायिक विल्यम मार्स्टेलर यांनी १९५३ मध्ये स्थापन केली. तरुणपणी बर्सन यांनी अमेरिकी सैन्याच्या नभोवाणीसाठी न्यूरेंबर्ग खटल्यांचे वार्तांकन केले होते. नाझी अत्याचारांचा न्याय होताना ज्याने डोळ्यांनी पाहिला, त्याच्याच संस्थेने पुढे अर्जेंटिनातील जनरल व्हिडेला यांच्या राजवटीची प्रतिमा उजळण्याचे काम स्वीकारले. १९७६ मध्ये सत्ता बळकावणाऱ्या या लष्करशहांच्या काळात हजारो नागरिक 'बेपत्ता' झाले. त्यांच्या माता डोक्याला पांढरे रुमाल बांधून ब्वेनोस आयर्सच्या चौकात उभ्या राहत. त्या मातांची बाजू मांडायला कोणतीही संस्था मानधन घेऊन धावली नाही!

याच व्यवसायातील दुसरे बडे नाव म्हणजे हिल अँड नोल्टन. जॉन हिल यांनी १९२७ मध्ये क्लीव्हलंड येथे तिची मुहूर्तमेढ रोवली. कालांतराने या दोन्ही संस्था लंडनच्या डब्ल्यूपीपी या महाकाय समूहाच्या छत्राखाली आल्या आणि २०२४ मध्ये 'बर्सन' या एकाच नावात विलीन झाल्या. त्यामुळे दोघींचा वारसाही आता एकत्रच तपासला पाहिजे.

डिसेंबर १९५३. सिगारेटचा कर्करोगाशी असलेला संबंध संशोधनातून पुढे येत होता. भयभीत झालेले अमेरिकेतील तंबाखूसम्राट न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकत्र आले आणि त्यांनी हिल यांना सल्ल्यासाठी बोलावले. संशोधन खोटे आहे, असे सरळ म्हणण्याचा मार्ग हिल यांनी धरला नाही. त्यांची मसलत अधिक धूर्त होती. ४ जानेवारी १९५४ रोजी ४००हून अधिक वृत्तपत्रांत कंपन्यांचे एक 'प्रांजळ निवेदन' झळकले: लोकांचे आरोग्य हीच आमची सर्वोच्च जबाबदारी, आम्ही संशोधनाला साहाय्य करू. त्यासाठी एक संशोधन समितीही स्थापन झाली आणि तिचे कार्यालय थाटले गेले ते हिल अँड नोल्टनच्याच इमारतीत! 'अजून काही सिद्ध झालेले नाही' या एका वाक्याच्या आडोशाने हा धंदा दशकानुदशके चालला. शंका हाच विक्रीचा माल झाला आणि त्याची किंमत सामान्य कुटुंबांनी आपल्या कर्त्या माणसांच्या प्राणांनी मोजली.

दुसरे उदाहरण युद्धाचे. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले. तेथे पोट भरायला गेलेल्या सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना आपल्या शासनाने विमानाने परत आणले. अनेक मराठी घरांतही ती आठवण ताजी असेल. १० ऑक्टोबर रोजी अमेरिकेच्या काही लोकप्रतिनिधींसमोर १५ वर्षांची एक कुवेती मुलगी रडत रडत सांगू लागली की, इराकी सैनिकांनी रुग्णालयातील अपुऱ्या दिवसांची अर्भके पेटीतून काढून थंड फरशीवर मरायला टाकली. जग हादरले. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ही कथा वारंवार सांगितली. जानेवारी १९९१मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला संमती दिली. पुढे १९९२मध्ये उघड झाले की, ही मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूताचीच कन्या होती आणि तिला पुढे आणण्यामागे हिल अँड नोल्टन होती. कुवेतच्या तिजोरीतून पोसलेल्या एका 'नागरिक' संघटनेने त्या संस्थेला १ कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली होती. अर्भकांच्या कथेला पुरावा मिळाला नाही. सद्दामचे अत्याचार खरेच होते. पण खऱ्या अत्याचारांच्या ढिगात हे बनावट नाणे खपवले गेले.

या व्यवसायाचे समर्थक म्हणतात, आरोपीलाही वकील मिळतो, मग कंपनीला सल्लागार का नको? युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु वकील वकीलपत्र दाखल करून उघडपणे उभा राहतो. समोर प्रतिपक्षाचा वकील असतो, वर न्यायाधीश असतो. इथे वकील दिसतच नाही. तो कधी शास्त्रज्ञांची समिती होतो, कधी नागरिकांचा मंच, तर कधी रडणारी मुलगी. अशील अज्ञात, प्रतिपक्ष अनुपस्थित आणि न्यायाधीशाच्या आसनावर बसवलेल्या जनतेला आपण खटला ऐकत आहोत, याचाही पत्ता नाही. याला जनसंपर्क म्हणावे की बुद्धिभेद?

आपल्याला हे तंत्र अपरिचित नाही. 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्याने सांगायचे आणि 'नरो वा कुंजरो वा' शंखनादात बुडवायचे. तेवढ्या अर्धसत्याने धर्मराजाचाही रथ जमिनीला टेकला. या संस्था तर त्या शंखनादाचेच देयक पाठवतात.

भोपाळच्या अन्यायाचे सारे खापर एका संस्थेवर फोडणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. अटकेतील अँडरसन यांना जामीन मिळताच दिल्लीला पोहोचवणारे विमान आपल्याच राज्य शासनाचे होते. ४७ कोटी डॉलरची तडजोड १९८९मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयात झाली. सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली ती २०१०मध्ये. कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा हलवायला २०२५ साल उजाडले. दरम्यान कंपनी 'असंतुष्ट कामगाराचा घातपात' हे पालुपद आळवत राहिली. ज्याच्याकडे पैसा, त्याची बाजू सर्वत्र ऐकू आली. ज्याचा श्वासच कोंडला, त्याचा आवाज भोपाळच्या वेशीपाशीच विरला.

बर्सन-मार्स्टेलरने २००५मध्ये 'जेनेसिस' ही भारतीय संस्था विकत घेतली. म्हणजे ही विद्या आता सातासमुद्रापलीकडची राहिलेली नाही. आपल्या संस्थांनीही ती आत्मसात केली आहे आणि भ्रमणध्वनीवरून ती थेट आपल्या माजघरात येते. म्हणून प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारायची सवय घरातील मुलांना लावली पाहिजे: हे कोण बोलत आहे? याचे पैसे कोण देत आहे? आणि ज्याच्याविषयी हे बोलले जात आहे, त्याचा आवाज कुठे आहे? आपल्याला न आवडणाऱ्या बातमीला हे प्रश्न आपण विचारतोच. आवडणाऱ्या बातमीलाही ते तितक्याच कठोरपणे विचारू, तेव्हाच आपण जागृत समाज म्हणवून घेण्यास पात्र ठरू. राष्ट्राच्या बोधचिन्हावर 'सत्यमेव जयते' कोरलेले आहे. पण तो विजय कुणी घरपोच आणून देणार नाही. त्यासाठी शंखनाद चालू असतानाही कान टवकारून पुढचे शब्द ऐकावे लागतात.