फोटोतलं ॲमस्टरडॅम आणि आपला फूटपाथ

पुण्या-मुंबईतल्या रस्त्यांचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. पहिली नुकतीच युरोपात जाऊन आलेली असतात. "काय ती शिस्त, काय त्या सायकली! आपल्या लोकांना नाही जमायचं," असं म्हणून ती आपल्या मोटारीत बसतात आणि निघून जातात. दुसरी माणसं लगेच चिडतात. "आत्ता कुठं चार पैसे हातात आले, दारात गाडी आली, तर निघाले हे बसनं जा सांगायला! आपला देश वेगळा आहे." दोघंही तावातावानं बोलतात. पण या वादात बाई कुठे आहे, हा प्रश्न दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

समाजकार्याचं शिक्षण संपवून मी वस्त्यांत काम करायला लागले त्याला आता दहा-बारा वर्षं होतील. बचतगट, रेशनकार्ड, नवऱ्याची मारहाण, मुलींची शाळा अशा कामांसाठी मी घरोघर जाते. 'वाहतूक' हा माझा विषय नाही असं मला अनेकदा सांगण्यात आलं आहे. पण बैठकीला उशिरा आलेल्या बाईला कारण विचारलं, तर दहातल्या पाचजणी रस्त्याचंच सांगतात. बस आली नाही. आली ती थांब्यावर न थांबता पुढे गेली. सहा आसनी रिक्षाला द्यायला दहा रुपये नव्हते, म्हणून चालत आले. ज्यानं बाईचा दिवस खर्ची पडतो, तो विषय आपला नाही तर कुणाचा?

पुरुषाचा प्रवास बहुतेक सरळ रेषेतला असतो: सकाळी घरून कामावर, संध्याकाळी कामावरून घरी. बाईचा तसा नसतो. मुलाला बालवाडीत सोडायचं, तिथून दोन घरची धुणीभांडी, वाटेत रेशन, सासूचं औषध, पुन्हा मुलाला आणायचं. अंतरं लहान पण फेऱ्या अनेक, आणि हातात पिशवी किंवा कडेवर मूल. सरकारच्याच 2019 च्या कालवापर पाहणीत घरकामात भाग घेणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवते आणि पुरुष 97 मिनिटं, असं दिसलं. पाच तास घरात राबणाऱ्या बाईला बसथांब्यावर आणखी पाऊण तास उभं करणं म्हणजे तिच्या झोपेवरच हात टाकणं आहे.

मोटारी कुणाकडे आहेत तेही बघू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर घरांपैकी आठ घरांकडेही मोटार नव्हती. शहरातलं प्रमाण त्याहून जास्त, पण तिथंही मोटारवाले बहुसंख्य नाहीत. आणि ज्या घरात मोटार आहे, त्या घरातल्या बाईच्या हाती तिची किल्ली किती वेळा येते, हे वाचकांनी आपल्याच घरात तपासून पाहावं.

आता त्या ॲमस्टरडॅमची गोष्ट. आपल्याकडे ती अशी सांगतात, की तिथली माणसं मुळातच शहाणी, तिथले नियोजनकार दूरदृष्टीचे. हे खरं नाही. 1967 साली डेव्हिड जोकिनेन नावाच्या अमेरिकन नियोजनकारानं त्या शहरासाठी एक आराखडा मांडला होता. एक कालवा बुजवून त्यावर सहापदरी रस्ता करायचा आणि जुन्या कामगारवस्तीतली घरं पाडायची, असं त्यात होतं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच! त्या काळात नेदरलँड्समध्येही मोटार म्हणजे प्रगती हेच समीकरण होतं, आणि त्याची किंमत मुलं मोजत होती. 1971 या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसं मेली. त्यात चारशेहून अधिक मुलं होती.

त्यात एका पत्रकाराची मुलगी होती. फिक लांगेनहोफ हे त्यांचं नाव. 1972 मध्ये त्यांनी आपल्या वर्तमानपत्रात संतापून लेख लिहिला. त्यातून जी चळवळ उभी राहिली तिचं नावच होतं 'बालहत्या थांबवा'. तिच्या पहिल्या अध्यक्षा मार्त्या फान पुटेन या तेव्हा एक तरुण आई होत्या. पुढे त्या युरोपीय संसदेत निवडून गेल्या. या लोकांनी मोर्चे काढले, अपघाताच्या ठिकाणी रस्ते अडवले, भर रस्त्यात टेबलं मांडून पंगती बसवल्या, गल्ल्या बंद करून मुलांना खेळायला सोडलं. 1973 च्या तेलटंचाईत सरकारनं रविवारी मोटारी बंद केल्या, तेव्हा मोटारीविना शहर कसं दिसतं हे सगळ्यांनीच पाहिलं. 1976 मध्ये वस्तीतल्या गल्लीत चालणाऱ्याचा आणि खेळणाऱ्या मुलाचा हक्क आधी, अशी तरतूद कायद्यात आली. 2023 साली त्या देशातले रस्त्यावरचे मृत्यू 684 होते. एक मृत्यूही जास्तच, पण पन्नास वर्षांत केवढा फरक!

म्हणजे ती सायकलीची वाट कुणा साहेबानं दिलेली नाही, ती भांडून घेतलेली आहे. आणि भांडणाऱ्यांत बायका पुढे होत्या. आपले पाहुणे त्या वाटेचा फोटो काढून आणतात, त्यामागचं भांडण मात्र तिथंच ठेवून येतात.

म्हणून नेदरलँड्स स्वर्ग झाला असंही नाही. तिथं आजही दर दोन माणसांमागे साधारण एक मोटार आहे. तिथल्या लोकांनी मोटार विकून टाकली नाही. तिनं कुठं जायचं, किती वेगानं जायचं आणि उभं राहायला किती पैसे मोजायचे, एवढं त्यांनी ठरवलं. आपल्याकडे जुगार नको म्हणायची हिंमत होते, दारू नको म्हणायची होते, पण मोटारीला 'इथं उभी राहू नकोस' म्हणायची होत नाही. 2018 मध्ये पुणे महापालिकेत पार्किंगच्या धोरणावरून केवढा गदारोळ झाला! शेवटी ते मोजक्या रस्त्यांपुरतं मंजूर झालं आणि कागदावरच राहिलं. भाजीवालीनं तीन फूट जागा अडवली की अतिक्रमणाची गाडी येते. तिथंच उभी राहिलेली मोटार सत्तर-ऐंशी चौरस फूट जागा दिवसभर फुकट वापरते. तिला कुणी अतिक्रमण म्हणत नाही.

व्हिएन्नाचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. तिथं एफा काइल आणि युटा क्लेडॉर्फर या दोघी नियोजनकारांनी 1991 मध्ये शहरातल्या बायकांच्या रोजच्या जगण्यावर छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं. सार्वजनिक जागा कुणाची, हा त्याचा सवाल होता. पुढच्याच वर्षी पालिकेत स्त्रियांसाठी वेगळं कार्यालय सुरू झालं. मग बाई कुठून कुठं, कशी जाते याची मोजदाद झाली, फूटपाथ रुंद झाले, दिवे वाढले. सुरुवात टाइल्सपासून झाली नव्हती. आधी बाईला विचारलं गेलं.

आपण काय उचललं? रंगीत टाइल्स आणि दगडी बाकं. चार देखण्या रस्त्यांचे फूटपाथ रुंद झाले, छान झालं. पण ते करताना पथारीवाल्या बायका उठवल्या गेल्या, कारण फोटोत त्या शोभत नाहीत. 2014 मध्ये त्यांच्यासाठी केलेला केंद्राचा कायदा फायलीत पडून राहतो. आणि वस्तीकडे जाणारा फूटपाथ? तो आहे तिथं मध्येच विजेचा डबा, गटाराचं उघडं झाकण आणि रांगेत लावलेल्या दुचाक्या. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर 1 लाख 68 हजारांवर माणसं मेली, त्यातली 32 हजारांहून अधिक पायी चालणारी होती. आपल्याकडे यासाठी किती रस्ते अडवले गेले?

पैसा नाही असंही नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर जवळपास 14 हजार कोटी खर्च झाले. 2024 पासून तो टप्प्याटप्प्यानं खुला झाला. त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी. पुण्यात विद्यापीठ चौकात वाहतूक सुटावी म्हणून बांधलेला उड्डाणपूल 2020 मध्ये मेट्रोसाठी पाडावा लागला. पूल बांधायला पैसा, पाडायला पैसा, पुन्हा बांधायला पैसा. बसचं नाव काढलं की मात्र तोटा आठवतो. उड्डाणपुलाला नफा-तोटा कधी कुणी विचारला आहे का?

काही मैत्रिणी म्हणतात, "अगं, पण गाडीनंच तर बाईला मोकळं केलं." खरं आहे. 1972 मध्ये पुण्यातच जन्मलेल्या लुनानं आणि नंतरच्या स्कूटींनी इथल्या किती मुलींना कॉलेजात आणि नोकरीवर पोचवलं! तोंडाला ओढणी बांधून निघालेली मुलगी मला आजही आवडते. पण वाहन असणं वेगळं आणि त्यावाचून घराबाहेर पडताच न येणं वेगळं. अमेरिकेतल्या उपनगरात लग्न होऊन गेलेल्या आपल्या मुलींना विचारा. घर मोठं, स्वयंपाकघर चकचकीत, पण गाडी नवऱ्यानं नेली की दूध आणायलाही पाय उपयोगाचे नाहीत. तेही परदेशच, आणि तेही नियोजनच! आपण आज उपनगरांत जे गृहप्रकल्प बांधतो आहोत ते ॲमस्टरडॅमकडे पाहून नाही, याच्याकडे पाहून.

आणि भीती? दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थिनींवर गिरिजा बोरकर यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं, की रस्ता सुरक्षित हवा म्हणून मुली कमी दर्जाचं कॉलेज पत्करतात. आमच्या वस्त्यांत तर कॉलेजच सुटतं. शेवटची बस चुकेल म्हणून संध्याकाळचा वर्ग सुटतो, मग आई म्हणते, कशाला ते शिक्षण. मुलीचं लग्न लवकर का झालं याचा अहवाल आम्ही लिहितो, त्यात 'बस नव्हती' असा रकाना नसतो.

"आपल्याकडे ऊन, धूळ, गर्दी, इथं नाही चालायचं," हा शेवटचा मुद्दा. चालायचं कशाला, चालतंच आहे! डच लोकांना माणसं मोटारीतून खाली उतरवावी लागली. आपल्याकडे निम्म्याहून जास्त शहर आजही पायी, बसनं, लोकलनं, रिक्षानं जातं. त्यांना फक्त ढकलून द्यायचं थांबवायचं आहे. दाट वस्ती, हाकेच्या अंतरावर वाण्याचं दुकान, दारात भाजीवाली, हे तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते मोडून टाकायचं आणि मग ते पाहायला युरोपात जायचं, हा कुठला शहाणपणा?

2023 पासून राज्यात एस.टी.चं तिकीट बायकांना अर्ध्या दरात मिळतं, आणि गाड्या बायकांनी भरून जातात. बाईला हिंडायचं असतं, याला आणखी काय पुरावा हवा? पण अर्ध्या तिकिटाला पूर्ण गाडी हवी, आणि ती वेळेवर हवी.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत अजेंड्यावर हा विषय घ्या. आपल्या वॉर्डात बसच्या किती फेऱ्या होतात, रात्री शेवटची कितीची, थांब्यावर दिवा आहे का, जवळ स्वच्छतागृह आहे का, फूटपाथ कुठं तुटतो, हे आपणच फिरून लिहून काढू. वॉर्डाच्या अंदाजपत्रकात उड्डाणपुलाला किती आणि फूटपाथला किती हे विचारू. पथारीवाल्या बायकांना बरोबर घेऊ, कारण रात्री त्यांच्या दिव्यामुळेच आपण त्या रस्त्यानं निर्धास्त येतो. निवेदन देऊन ऐकलं नाही, तर डच आयांनी काय केलं ते आता आपल्याला ठाऊक आहे. टेबलं नसतील आपल्याकडे. सतरंजी तर आहे!