वाळूतून गेलेला महामार्ग

बीजिंग आणि शिनजियांगची राजधानी उरुम्ची यांना जोडणारा 'जी-७' हा द्रुतगती महामार्ग २०२१ मध्ये पूर्ण झाला, आणि बीजिंगपासून सुरू होऊन देशाच्या कडांपर्यंत पोहोचणाऱ्या सात मार्गांच्या मालिकेतील हा सातवा मार्ग अडीच हजार किलोमीटरहून लांब आहे. त्याचे 'जिंगशिन' हे नाव 'जिंग' म्हणजे बीजिंग आणि 'शिन' म्हणजे शिनजियांग या दोन संक्षेपांतून बनले आहे. २०१७ मध्ये खुला झालेला लिनहे ते बाइगेदा हा सुमारे ९३० किलोमीटरचा टप्पा बहुतांशी निर्मनुष्य वाळवंटातून जातो, आणि या मार्गाचे खरे मोल तिथेच कळते. कारण तिथे रस्ता बांधण्यापेक्षा सरकत्या वाळूखाली तो गडप होऊ न देणे अधिक कठीण असते.

त्यासाठी गवताच्या काड्या वाळूत अर्ध्या रोवून साधारण एक मीटर बाजूचे चौकोन आखले जातात, ज्यांमुळे जमिनीलगतच्या वाऱ्याचा वेग मंदावतो आणि वाळू जागीच थांबते. १९५८ मध्ये सुरू झालेल्या बाओतौ–लांचौ रेल्वेमार्गासाठी शापोतौ येथे सिद्ध झालेली ही पद्धत स्वस्त आहे, परंतु काड्या काही वर्षांत कुजतात आणि तोवर त्या चौकोनांत झुडपे रुजली नाहीत तर सारे काम पुन्हा करावे लागते. म्हणून वेगाच्या कौतुकापेक्षा या शांत, हातांनी होणाऱ्या देखभालीला अधिक आदर मिळायला हवा. शिवाय या महामार्गावरील एजिनसारख्या मरूद्यानांत, जिथे पॉपलरची वने हेइहे नदीच्या मोजक्या पाण्यावर तगून आहेत, वाढत्या वर्दळीला पाण्याची मर्यादा आधी घालून द्यायला हवी.