सुफळ, पण संपूर्ण कधी?

मी मुळात भांडखोर माणूस नाही. रिक्षावाला सुटे नाहीत म्हणाला तर मी निमूटपणे उरलेले पैसे सोडतो. भांडायची वेळ आलीच तर ते काम सौभाग्यवतींवर सोपवून मी वर्तमानपत्र उघडतो. पण प्रत्येक माणसाच्या सोशिकपणाला कुठेतरी कुंपण असतं. माझं कुंपण 'टॉय स्टोरी' या चित्रपटाच्या तिसऱ्या भागापाशी आहे.

हसू नका. साठी उलटलेल्या गृहस्थाने बाहुल्यांच्या सिनेमावरून इरेला पेटू नये, हे मला आमच्या घरातून पुरेशा वेळा ऐकवून झालं आहे. 'त्यापेक्षा गॅसचा नंबर लावा' असं त्याला नेहमी जोडूनच येतं. गॅसचा नंबर मी लावतो. पण माझं म्हणणं मी मांडणारच.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. 'टॉय स्टोरी' १९९५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत लागला. पहिल्या चौकटीपासून शेवटच्यापर्यंत संगणकावर तयार केलेला तो जगातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. अँडी नावाच्या मुलाची खेळणी माणसांची पाठ वळली की जिवंत होतात, एवढीच कल्पना. वुडी हा पाठीतली दोरी ओढली की बोलणारा गुराखी बाहुला. तो अँडीचा लाडका. मग वाढदिवसाला बझ लाइटइयर नावाचा चकचकीत अंतराळवीर येतो, आणि धाकटं भावंडं झाल्यावर थोरल्याचं घरात जे होतं ते वुडीचं होतं. मी स्वतः थोरला असल्यामुळे मला हे फार पटलं.

आमच्याकडे हा सिनेमा कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेटच्या रूपाने आला. चिरंजीव तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. ती कॅसेट आम्ही इतक्या वेळा आणली की शेवटी दुकानदार म्हणाला, "काका, एवढ्या भाड्यात टीव्ही आला असता." पुढे १९९९ साली दुसरा भाग निघाला आणि २०१० साली तिसरा.

हा तिसरा भाग आम्ही तिघांनी थिएटरात पाहिला. अँडी आता सतरा वर्षांचा आहे, कॉलेजसाठी घर सोडून निघालाय. खोली रिकामी करतोय. शेवटी तो आपली सगळी खेळणी बॉनी नावाच्या लहानग्या मुलीला देतो. एकेकाची ओळख करून देतो. वुडीपाशी येऊन अडखळतो, आणि मग तोही देऊन टाकतो. एकदा तिच्याबरोबर खेळतो आणि गाडीत बसून निघून जातो. त्या थिएटरात आम्हांला डोळ्यांना लावायला काळे चष्मे दिले होते, चित्र अंगावर यावं म्हणून. विज्ञानाने बापमाणसाची केलेली एवढी मोठी सोय मी दुसरी पाहिलेली नाही. त्या चष्म्याआड मी जे काही केलं ते कुणालाही दिसलं नाही. शेजारच्या खुर्चीवर आमचे चिरंजीव होते आणि दोन महिन्यांनी त्यांचं अमेरिकेचं विमान होतं. दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. त्यात खेळणी नव्हती.

तर गोष्ट तिथे संपली. आपल्याकडे मैफलीत भैरवी झाली की तंबोऱ्यांना गवसणी घालतात. भैरवीनंतर कुणी 'आता जरा यमन होऊन जाऊ दे' म्हणत नाही. म्हटलंच तर बाकीचे श्रोते त्याच्याकडे अशा नजरेने पाहतात की तो चपला शोधायला लागतो. 'टॉय स्टोरी'ची भैरवी २०१० साली झाली. उत्तम झाली. आम्ही डोळे पुसले, चष्मे परत केले आणि घरी आलो.

आणि २०१९ साली गवसण्या काढून तंबोरे पुन्हा लावले गेले. चौथा भाग आला. मग २०२३ च्या फेब्रुवारीत डिस्नेच्या मुख्याधिकाऱ्यांनी, बॉब आयगर यांनी, पाचवा जाहीर केला आणि पुढे त्याला १९ जून २०२६ ही तारीख पडली.

हा विषय मी आमच्या सोसायटीच्या बाकावर काढला, तेव्हा नानांनी मला वाटेतच अडवलं. नाना बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि शेअरबाजारात आहेत, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू दिसते.

"अहो, तुमचाच नियम लावला असता तर दुसरा भागही निघाला नसता. आणि तो तर पहिल्यापेक्षा सरस, असं तुम्हीच सांगत होता!"

हे खरं आहे. मी असं सांगत होतो. नानांची स्मरणशक्ती नको तिथे तल्लख आहे.

"आणि फास्टर फेणे?" नाना पुढे म्हणाले. "भा. रा. भागवतांनी एकाच पुस्तकात थांबायला हवं होतं का? चिमणराव-गुंड्याभाऊंचं काय? चिं. वि. जोश्यांना तुम्ही पत्र लिहिलं असतंत काय, की आता पुरे म्हणून?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. नाना खोटं बोलत नव्हते. फास्टर फेणेचं प्रत्येक पुस्तक मी अधाशासारखं वाचलं होतं. मग याच गुराख्यावर माझा राग का? पहाटे दूध तापवताना मला उत्तर सापडलं. दूध उतू गेलं, पण उत्तर सापडलं.

फास्टर फेणे मोठा होत नाही. इतकी साहसं करूनही तो शाळकरीच. त्याला नोकरी लागत नाही, त्याचं लग्न ठरत नाही. त्याच्या जगात कॅलेंडरच नाही, म्हणून तो हवा तेव्हा सायकलीवर टांग मारून येऊ शकतो. 'टॉय स्टोरी'त मात्र कॅलेंडर आहे. किंबहुना कॅलेंडर हाच तिचा खलनायक आहे. दुसऱ्या भागात वुडीला जपानच्या संग्रहालयात काचेआड कायम राहण्याची संधी येते. अँडी एक दिवस मोठा होणार हे त्याला कळतं, आणि तरीही तो अँडीकडे परततो. म्हणजे प्रश्न उघडा राहतो, की तो मोठा झाल्यावर काय? तिसऱ्या भागाने त्याचं उत्तर दिलं. दुसरा आणि तिसरा निघायलाच हवे होते, कारण गोष्ट अर्ध्यावर होती. तिसऱ्यानंतर काहीच अर्ध्यावर नव्हतं. जी गोष्ट वेळ संपण्याबद्दलच आहे, तिने तरी वेळेवर संपावं की नाही?

दुसऱ्या दिवशी मी हे नानांना ऐकवलं. ते म्हणाले, "भवभूतीने 'उत्तररामचरित' लिहिलंच ना?"

"लिहिलं," मी म्हणालो, "कारण सीतेचा प्रश्न मिटलेला नव्हता. तिच्यावर झालेला अन्याय तसाच पडून होता. वुडीवर कुणी अन्याय केला होता?"

आणि खरी मेख इथेच आहे. कुणी केला नव्हता, म्हणून चौथ्या भागाला तो मुद्दाम करावा लागला. तिसऱ्या भागात जी बॉनी वुडीला छातीशी धरते, तीच चौथ्याच्या सुरुवातीला त्याला कपाटात धूळ खात ठेवते आणि त्याचा बिल्ला काढून दुसऱ्या बाहुलीला लावते. अँडीने जिच्या हाती त्याला विश्वासाने दिलं, ती पोरगी विसरभोळी निघाली म्हणा की! आता माझ्या २०१० सालच्या अश्रूंचं काय करायचं? चौथा भाग वाईट नाही, हेही सांगतो. ऑस्कर मिळालं त्याला. शेवटी वुडी सगळ्यांचा निरोप घेऊन बो पीपबरोबर राहतो, तो प्रसंगही मनाला लागतो. पण पुढचा भाग काढायचा म्हणजे मागच्याने दिलेलं वचन मोडायचं, असा हा हिशेब आहे. आणि पाचव्यात टॉम हँक्स यांचा आवाज पुन्हा आहे, म्हणजे वुडी पुन्हा आहे, म्हणजे चौथ्याचा निरोपही फुकटच. एकदा निरोप घेतलेला पाहुणा दारातून परत येऊन 'छत्री राहिली' म्हणाला तर चालतं. दर वेळी छत्री राहायला लागली, की यजमानाला संशय येतो.

ही छत्री कसली ते सांगायला पंचांग नको. तिसऱ्या आणि चौथ्या भागाने प्रत्येकी शंभर कोटी डॉलरहून जास्त गल्ला केला. पाचव्याची घोषणा झाली ती कुठल्या चित्रपट महोत्सवात नव्हे, तर कंपनीच्या तिमाही जमाखर्चाच्या दिवशी. त्याच दिवशी सात हजार माणसांची नोकरी जाणार, हेही जाहीर झालं.

यातली एक हकीकत मला विसरता येत नाही. दुसरा भाग तयार होत असताना, १९९८ साली, कुणीतरी संगणकाला चुकीची आज्ञा दिली आणि बराचसा सिनेमा पुसला गेला. राखीव प्रतही धड निघाली नाही. तेव्हा गॅलिन सुसमन या बाईंच्या घरच्या संगणकावर एक प्रत सापडली. तान्ह्या बाळामुळे त्या घरून काम करत होत्या. तो संगणक घोंगड्यांत गुंडाळून मोटारीतून आणला आणि सिनेमा वाचला. पुढे २०२३ साली पिक्सारने पंचाहत्तर माणसं कमी केली, त्यांत सुसमनबाई होत्या. वापर संपला की खेळण्यांनी कुठे जायचं, हा या चित्रमालिकेचा विषय आहे, हे कंपनीत कुणी पाहिलं नसावं. जाहिरात बहुधा सगळ्यांनी पाहिली असेल.

एवढ्यावर मी जिंकलो असं मला वाटलं होतं. पण नाना शांतपणे म्हणाले, "२०२५ साली पिक्सारचा 'एलिओ' आला होता. नवी कोरी गोष्ट. आधीचा भाग नाही, काही नाही. पाहिलात?"

मी नाही पाहिला. त्या आठवड्यात पाऊस होता.

"जगात फारसं कुणीच नाही पाहिलं," नाना म्हणाले. "पडला तो. आणि आदल्या वर्षी 'इनसाइड आउट'चा दुसरा भाग?"

तो मी पाहिला. नातीबरोबर. दीडशे कोटी डॉलरहून जास्त कमाई केली त्याने, आणि त्यात आमची तीन तिकिटं धरलेली आहेत.

"मग भांडा आता स्वतःशी," असं म्हणून नाना उठले. जाता जाता वळून म्हणाले, "शिवाय आपल्या कहाण्या पाचा उत्तरीच सुफळ संपूर्ण होतात. त्यांचा पाचवाच आहे. होऊ दे की!"

हे शेवटचं मी मनावर घेत नाही. ज्या घरात पाच झाले, तिथे सहाव्याचा पाळणा माळ्यावरून काढून ठेवलेला असतोच. पण 'एलिओ'चं मनाला लागलं. आपण नव्या गोष्टीकडे पाठ फिरवायची आणि जुन्या गोष्टी संपत नाहीत म्हणून गळा काढायचा, हे काही खरं नाही. कंपनीला जमाखर्च कळतो. आपण तिकिटं काढून तिला जे सांगितलं, तेच तिने ऐकलं.

राहता राहिली नात. ती सहा वर्षांची आहे. फोनवर तिने मला विचारलं, "आबा, वुडी परत येणार तर तुला राग का आला? तुला तर तो आवडतो ना?" वकील लोक याला बिनतोड म्हणतात. मी तिला एवढंच म्हणालो, की तो कुठे गेलाच नाहीये. पहिला भाग लाव, तिथे आहे. आणि खरंच, पोरं 'परत सांग' म्हणतात ती तीच गोष्ट, शब्दही इकडचा तिकडे झालेला चालत नाही. बालगंधर्वांना वन्स मोअर मिळे, तो त्याच पदाला. त्या पदाच्या पुतण्याला नव्हे.

फोन ठेवला तेव्हा ही स्टुलावर उभी राहून माळ्यावरून एक खोकं ओढत होती. ते खोकं २०१० पासून तिथे आहे. दर दिवाळीला ती विचारते, "हे देऊन टाकू या का?" आणि दर दिवाळीला मी म्हणतो, "राहू दे, नातवंडांना होईल." नात मागच्या वर्षी आली, खोक्यात डोकावली आणि पुन्हा टॅबलेटकडे गेली. पाचव्या भागात खेळण्यांची गाठ टॅबलेटशीच आहे म्हणतात. त्यासाठी मला तिकीट काढायची गरज नाही.

"पोळ्यावाल्या मावशींचा नातू आलाय," ही म्हणाली. "आता तुमचं भाषण त्यालाच ऐकवा. कुठल्याही गोष्टीला शेवट असावा, वगैरे."

काय बोलणार? मी खोकं उघडलं. चावीचं इंजिन, एक चाक गेलेला ट्रक, गोट्यांची पिशवी. पोराला चावी उलटी फिरवू नकोस म्हणून सांगितलं. त्याने ती लगेच उलटी फिरवली आणि इंजिन चालू झालं. सोळा वर्षं मी त्या इंजिनाला बिघडलेलं समजत होतो. मावशी निघाल्या. खोकं काखेत धरून तो पोरगा एकदाही मागे न बघता जिना उतरला. अँडीने निदान गाडीतून वळून पाहिलं होतं.

मी दार लावलं. ही माझ्याकडे बघत होती. नेमकं सांगायचं तर माझ्या लेंग्याच्या खिशाकडे. सावंतवाडीचा लाकडी हत्ती लहान असला तरी सोंड वर करून असतो, त्यामुळे खिशात लपत नाही.

"अस्सं," ही म्हणाली. "आणि हा कितवा भाग?"