मोडण्याजोगी खोड नव्हे

१५ जूनच्या सुमारास बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शाळा पुन्हा भरतात. टुरेट सिंड्रोमची माहिती लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून अमेरिकेत १५ मे ते १५ जून असा महिना पाळला जातो, तो याच सुमारास संपतो. आपल्याकडे तो कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. पण तो ज्या मुलांसाठी आहे, तशी मुलं नव्या वह्या घेऊन आपल्याही वर्गांत येऊन बसलेली असतात.

कुणी सारखे डोळे मिचकावतो, कुणी मान झटकतो, खांदा उडवतो, कुणी घसा खाकरत राहतो. घरचे आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतात, मग ॲलर्जीची औषधं होतात. गुण आला नाही की मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात, कुणी देवऋषी सुचवतं. वर्गात तोवर चिडवायचं नाव पडलेलं असतं. या सगळ्याला आपल्या बोलीत शब्द एकच, खोड. आणि खोड म्हटली की ती मोडायची, हेही ठरलेलंच.

इथेच आपण चुकतो. वैद्यकात याला टिक म्हणतात. हालचाली सुरू करणं आणि रोखणं हे मेंदूचं काम. त्यातला रोखण्याचा भाग इथे कमी पडतो. ते पुष्कळदा घराण्यातून येतं. आईबापांच्या लाडाचा किंवा धाकाचा तो परिणाम नव्हे. हालचालींच्या अनेक टिक आणि आवाजाची निदान एक, वर्षाहून अधिक काळ राहिल्या, तर त्याला टुरेट म्हणतात. जॉर्ज जिल द ला तुरेत या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ मध्ये असे नऊ रुग्ण नोंदवले, त्यांचंच हे नाव. 'हिचकी' या २०१८च्या चित्रपटातली राणी मुखर्जीची टुरेट असलेली शिक्षिका अनेकांना आठवत असेल.

टिक येण्याआधी बऱ्याच मुलांना आत काहीतरी दाटून आल्यासारखं होतं, शिंकेआधी होतं तसं. मूल ती थोडा वेळ दाबू शकतं आणि त्याचा घात नेमका इथेच होतो. हसतील म्हणून ते शाळेत दिवसभर आवरून धरतं, घरी दप्तर टाकलं की सगळं एकदम उसळतं. आई म्हणते, शाळेत बरं जमतं, इथेच नखरे करतो. 'बंद कर' म्हणून ओरडलं की लक्ष तिकडेच जातं आणि टिक वाढते. दिवसभर स्वतःला आवरून दमलेल्या लेकरावर आपण पुन्हा आवरण्याचीच सक्ती करतो. आम्हाला ही गोष्ट फार जिव्हारी लागते.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हणही इथे लागू नाही. टिक बहुधा पाच ते सात वर्षांच्या वयात दिसू लागतात, दहा-बाराव्या वर्षी जोर धरतात आणि पुष्कळांच्या तारुण्यात ओसरतात. काहींच्या राहतात. औषध सगळ्यांनाच लागत नाही. टिक येण्याची चाहूल ओळखून तिच्याऐवजी दुसरी हालचाल करायला शिकवणारी वर्तनोपचाराची पद्धत उपयोगी पडते. सोबतची चंचलता किंवा मंत्रचळ मात्र अनेकदा टिकपेक्षा जास्त छळतात, म्हणून तपासणी हवीच.

त्यासाठी पुणं गाठायलाच हवं असं नाही. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याची पथकं शाळाशाळांत येतात. दात आणि डोळे तपासून होताना वर्गशिक्षकांनी त्यांना मुलाच्या टिकविषयीही सांगावं. फक्त मुलाला बाजूला घेऊन, सगळ्यांदेखत नव्हे.

गुरुजींना आणि बाईंना आमची हात जोडून विनंती आहे. अशा मुलाला दाराजवळच्या बाकावर बसवा. घशाचा आवाज अनावर झाला की पाणी पिऊन यायला सांगा, पाच मिनिटं व्हरांड्यात मोकळं होऊ द्या. आणि प्रगतिपुस्तकावर 'वर्गात खोड्या करतो' असा शेरा लिहिण्याआधी त्याच्या आईला एकदा बोलावून, घरी संध्याकाळी काय होतं, ते विचारा.