कॉन्व्हेंट आपलं, शंका मात्र त्यांच्या वर्गावर

मंडळी, शाळेच्या आठवणी आपण नेहमीच काढतो. आज मीही काढतो, पण त्यात माझी एक चूक आहे. बारा वर्षं झाली, घरातही नीट बोललो नाही. वाचून राग आला तर येऊ द्या.

आमचे आजोबा सौंसरचे. मॅट्रिक झाल्यावर छोट्या लाईनच्या गाडीत बसून नागपूरला गेले आणि हिस्लॉप कॉलेजात शिकले. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली होती, पुढे १८८३ मध्ये त्यांच्या नावाचं कॉलेज झालं. आजोबा सांगायचे, "बायबलचा तास असे. बसलो, ऐकलं, आणि खोलीवर येऊन देवापुढे दिवा लावला." त्या कॉलेजच्या इंग्रजीवर त्यांना सरकारी नोकरी लागली. नोकरीच्या पैशातून पांढुर्ण्याजवळ जमीन घेतली आणि संत्र्याची बाग लावली. आज आम्ही जे काही आहोत, ते तिथून.

माझी मुलं कॉन्व्हेंटात शिकली. नाताळच्या नाटकात मुलगी पांढरा झगा घालून देवदूत झाली होती. आम्ही पहिल्या रांगेत बसून फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले. मुलगी ख्रिस्ती होईल अशी भीती घरात कोणालाच वाटली नाही.

आता चूक सांगतो.

साधारण बारा वर्षांपूर्वी बागेजवळच्या मजुरांच्या वस्तीत एक नवरा-बायको भाड्याने राहायला आले. प्रार्थना करणारी माणसं होती. संध्याकाळी पोरांना फुकट इंग्रजी शिकवायची. शेवटी येशूचं एखादं गाणं व्हायचं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईची मुलगी त्या वर्गात जायची. सातवीत होती. एक दिवस फवारणीच्या वेळी तिने औषधाचा डब्बा उचलला, त्यावरचं इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि आईला म्हणाली, "माय, तू पाणी कमी टाकून राहिली." मी तपासलं. पोरगी बरोबर होती.

महिन्याभरात पानठेल्यावर कुजबुज सुरू झाली. चार जण माझ्याकडे आले, "काकाजी, तुम्ही बोला, तुमचं ऐकतात." मी गेलो. त्या बाईला म्हणालो, "पोरीला तिकडे पाठवू नको. उद्या काही झालं तर मी मधात पडणार नाही." इतर घरांनाही तेच सांगितलं. वर्ग रिकामा झाला आणि ते दोघं गाव सोडून गेले. कोणाचं धर्मांतर झालं होतं का? नाही. कोणी तक्रार केली होती का? तीही नाही.

ती बाई मला एवढंच म्हणाली, "मंग आता इंग्रजी कोण शिकवन जी?"

मी म्हणालो, "पाहतो." आणि पाहिलं नाही.

पोरगी दहावीत इंग्रजीतच अडकली आणि शाळा सुटली. आता तीही बागेत येते. परवा तिने विचारलं, "काकाजी, कॉन्व्हेंटची फी किती जी?" तिची मुलगी चार वर्षांची आहे. मी आकडा सांगितला. ती हसली आणि कामाला लागली.

कोणी म्हणेल, भीती खोटी होती का? अगदी खोटी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. मिशनरी शाळांचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि ते तो लपवतही नव्हते. मुंबईत १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पालकांनी धडाधड मुलं काढून घेतली. काही काळाने वर्ग पुन्हा भरले, कारण इंग्रजी हवीच होती. आपला जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि नागपूर राजधानी होती, त्या काळात सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. शाळा, दवाखाने, अनाथालयं यांचा धर्मांतरासाठी वापर होतो, असं समितीच्या १९५६ च्या अहवालात म्हटलं आहे. मिशनवाल्यांना ते मान्य नव्हतं. पुढे १९६८ मध्ये राज्यात धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला, २०२१ मध्ये नवा आला.

परदेशातही हा वाद आहे. इंग्रजी शिकवणं हा मिशनचा रस्ता म्हणून वापरणाऱ्या संस्था आहेत. २००३ मध्ये ज्युलियन एज या ब्रिटिश अध्यापकाने लिहिलं होतं की हेतू लपवून शिकवणं ही शिकणाऱ्याची फसवणूक आहे. मला हे पटतं. इंग्रजीच्या नावाने बोलावून प्रार्थनेला बसवणं चूकच. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी आईबापाला सांगावं, की आम्ही अमुक मानतो, गाणं शेवटी होईल, नको असेल तर मूल आधी घरी जाईल, शिकवणं थांबणार नाही.

मी त्या नवरा-बायकोला एवढं विचारू शकलो असतो. विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्यांनी नाही म्हटलं असतं, तर माझा विरोध तरी खरा ठरला असता.

माझ्या मनाला हेच लागून राहिलं आहे. आपण बायबलचा तास ऐकून इंग्रजी घेतली, कारण आपल्याला स्वतःवर भरवसा होता. आजोबा तासाला बसले तर ते हुशार. मजुराची पोरगी बसली तर ती भोळी, कोणीही फसवेल अशी. हा फरक धर्माचा नाही हो, ऐपतीचा आहे. फी भरून येशूचं गाणं म्हटलं की संस्कार, फुकट म्हटलं की डाव. तिची आई अडाणी असेल, पण आपल्या पोरीचं भलं-बुरं तिला कळत नव्हतं, हे मी कोणत्या अधिकाराने ठरवलं?

आणि समजा वर्ग बंद करणं बरोबरच होतं. तरी जो बंद करतो, त्याने दुसरा उघडायला नको का? पांढुर्णा आता जिल्हा झाला. आपल्यात रिटायर झालेले किती मास्तर आहेत, मॅडम आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी दिल्या तर वस्तीतल्या पोरांना इंग्रजी वाचता येईल. मग कोणी फुकट शिकवायला आलं तर आपल्याला घाबरायचं कारण उरणार नाही.

यंदा पोळा-गोटमार झाली की बागेतल्या खोलीत मी वर्ग सुरू करतो आहे. माझं इंग्रजी जुनं आहे, उच्चार तर विचारूच नका. पहिलं नाव त्या चार वर्षांच्या मुलीचं लिहिलं आहे. तिच्या आईलाही बस म्हटलं. ती म्हणाली, "आता काहून जी?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणी शिकवायला येणार असाल तर सांगा.