मौद्यात मॅपलचं पान कशाला?

हाताने शुभेच्छापत्रं करायचं सामान मागवायला बसलं की समोर काय येतं? मॅपलचं पान, पाइनचं झाड, बर्फाचे कण, शेकोटीपुढे टांगलेले मोजे. आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या मौद्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. इथल्या बाईने दिवाळीच्या कार्डावर बर्फ का चिकटवावा? तरी आम्ही चिकटवतो. डाय (कागदातून आकार कापायचे साचे) त्याच मिळतात, आणि एकदा पैसे घातले की ते वसूल तर व्हायला हवेत. यंत्र परदेशी असो, शाई परदेशी असो, माझी तक्रार नाही. चित्र मात्र आपलं हवं, आणि त्यासाठी लांब कुठे जायचीही गरज नाही.

माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. मागच्या टेबलावर हँडल फिरवायचं एक लहान डाय कटिंग मशीन ठेवलंय. वाढदिवस, निवृत्ती, बारसं यांची कार्डं लोक करून नेतात. एनटीपीसीच्या वसाहतीतून आपापल्या गावी पाठवायला नेणारे त्यात जास्त. काम समजायला सोपं आहे. खाली प्लेट, तिच्यावर धार वर करून डाय, धारेवर कागद, त्यावर दुसरी प्लेट. हा थर दोन रुळांमधून काढायचा. कागद तुटताना करकर वाजतो. पण खरा वेळ जातो तो पुढे, डायच्या बारीक भोकांत अडकलेले कण सुईने टोचून काढण्यात. मध्ये बटर पेपर घातला तर ते जरा लवकर सुटतात. चित्रं उठवायच्या शिक्क्यांची पंचाईत उन्हाळ्यात. कूलर लावला तर कागद ओलसर पडून शिक्क्याची रेघ फुटते, बंद केला तर स्टॅम्प पॅड सुकतो आणि त्याच्याबरोबर आपणही. म्हणून एप्रिल-मेमध्ये शिक्के मारायचे ते पहाटेच.

एवढं करूनही काउंटरवर ऐकायला मिळतं, “हे तं मशिनीतून काढलं न ताई, हातचं कुठं आहे?” मग चकली सोऱ्यातून काढली म्हणून ती घरची नाही का? हा हट्ट धरला तर पहिलं व्यापारी नाताळ कार्डही हातचं आणि छापाचं असं दोन्हींचं मिळूनच झालं होतं. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं, ते दगडावरून छापलं आणि रंग हाताने भरून घेतले. किंमत होती एक शिलिंग, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच सुरू झालेल्या पेनी पोस्टाच्या बारापट! आमच्याकडे लोक पन्नास रुपयांच्या कार्डावर घासाघीस करतात ती करोत, पण ‘मशीन’ हे कारण त्यांनी सांगू नये.

एक गट मात्र या टोमण्याला पात्र आहे. कापलेली फुलं, छापलेला मजकूर आणि चिकटवायची टेप, सगळं एका पाकिटात तयार आणायचं, जागच्या जागी डकवायचं आणि खाली ‘हस्तनिर्मित’ लिहायचं. त्यात हाताने काय केलं? पाकीट उघडलं.

यंत्र त्यांचं आणि चित्र आपलं हा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो जर्मन यंत्रांवर, जर्मन तंत्रज्ञ आणून. पुढे तो मळवलीला गेला. त्या दगडांवरून उतरल्या लक्ष्मी आणि सरस्वती, आणि घरोघरी भिंतीवर जाऊन बसल्या. जर्मन यंत्र आहे म्हणून तिथे जर्मन देखावे छापायचं त्यांच्या मनात आलं नाही. आपल्या मनात मात्र मॅपलचं पान येतं, कारण ते डायसोबत फुकट येतं.

आता जवळचा रस्ता. कुठल्याही तहसील कार्यालयासमोर सरपंच, मुख्याध्यापक, सोसायटीचे सचिव यांचे शिक्के करून देणारा एक माणूस बसलेला असतो. चित्राची फिल्म, खाली पॉलिमर, वरून अतिनील प्रकाश. जिथे प्रकाश पोचला तिथला भाग कडक होतो, उरलेला धुऊन जातो. त्याला गोल शिक्क्याऐवजी पळसाच्या फुलाचं रेखाचित्र द्या, तो तेही करून देईल. फक्त रेघा जाड ठेवा.

डायसाठी नागपूर गाठावं लागतं. लग्नपत्रिका आणि मिठाईचे खोके कापणाऱ्यांसाठी तिथे डाय बनतात. प्लायवूडवर आकार आखतात, त्या रेघेवर फट पाडतात, पोलादी पत्ती वाकवून फटीत ठोकतात आणि कागद उसळून सुटावा म्हणून कडेने रबर लावतात. या पत्तीला मर्यादा आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं. ती केसासारखी वळत नाही. परदेशी डायची जाळीदार नक्षी तिच्यात उतरायची नाही. धानाची लोंबी करायची तर मोजके ठसठशीत दाणे धरावे लागतात. पण लहान मुलांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल? चार पाय, चाकं, वशिंड, सगळं जाड आणि ठोकळेबाज. जणू पत्तीसाठीच घडवलेला. आणि हा सण नागपूरकडचा, भोसल्यांच्या काळापासूनचा. त्याचं कार्ड आम्ही करायचं नाही तर कोणी?

कागदाबद्दल माझं मत थोडं आगाऊ वाटेल. वर्ध्याच्या मगनवाडीत अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या काळापासून हातकागदाचं काम झालं, पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, त्यामुळे हातचं कार्ड म्हणजे हातकागदच, असं लोक धरून चालतात. खरबरीत हातकागदावर बारीक शिक्का तुटक उठतो आणि लांब तंतूंमुळे कापलेली कड पिंजते. तो खालच्या घडीला वापरावा, वरचं चित्र गुळगुळीत कागदावर घ्यावं. थरही आवरते घ्यावेत. २५० जीएसएमचा ए-फोर कागद साडेपंधरा ग्रॅम भरतो. अर्ध्या कागदाचं कार्ड, वर दोन-तीन थर, जाड पाकीट, एवढं झालं की टपालाची पाच रुपयांतली वीस ग्रॅमची मर्यादा ओलांडलीच म्हणून समजा.

एकट्या दुकानाला स्वतःची डाय परवडत नाही, हे मान्य. पण शाळांमध्ये कार्यानुभव हा विषय आहे, गावोगावी बचत गट आहेत. चार शाळा आणि दोन गट मिळून एक बैल, एक लोंबी आणि एक पळस करून घेऊ शकतात. पत्ती बोथट होईपर्यंत त्या डाय सगळ्यांमध्ये फिरतील. चित्र मुलांकडूनच काढून घ्यावं. ऑर्डर लग्नसराईत देऊ नये, डायवाले तेव्हा मान वर करत नाहीत. आषाढी एकादशी झाली की पत्रिकांचं काम थांबतं. पोळा श्रावण अमावास्येला, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. आषाढात डाय हाती आली तर कापायला, शिक्के मारायला आणि टपालात टाकायला अख्खा श्रावण मिळतो.